अमेरिकेच्या टेक्नॉलॉजीवरून हात काढून घ्यायचाय? बडोद्यातल्या छोट्या ऑफिसने, संस्थेने आणि घराने नेमकं काय करायचं

आधी वाडिनारची गोष्ट नीट समजून घ्या, ती आपल्याच गुजरातमधली आहे. १८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने वाडिनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध लावले, कारण कंपनीत रोझनेफ्ट या रशियन तेल कंपनीचा ४९ टक्क्यांच्या आसपास हिस्सा आहे. भारताने लावले नव्हते, युनोने लावले नव्हते. तरी काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या, आउटलुक गेलं, टीम्स गेलं, स्वतःचाच डेटा हातात येईना आणि हे सगळं लायसनचे पैसे भरलेले असताना. वर्षाला २ कोटी टन क्रूड शुद्ध करणारी रिफायनरी, तिला रेडिफ या भारतीय कंपनीच्या मेलवर काम काढावं लागलं, दिल्ली हायकोर्टात जावं लागलं आणि मग महिनाअखेरीस सेवा परत चालू झाल्या.

नायराकडे वकिलांची फौज होती. मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या फॅब्रिकेशन युनिटकडे किंवा दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी संस्थेकडे काय आहे? एक जीमेल अकाउंट, त्याचा पासवर्ड एकाच माणसाला माहीत, आणि सगळा हिशोब, सगळी मेंबर लिस्ट, सगळे फोटो त्यातच.

मग ऑगस्ट आला, ७ तारखेपासून २५ टक्के आणि २७ तारखेपासून आणखी २५, असा ५० टक्के टॅरिफ अमेरिकेने आपल्या मालावर बसवला आणि घराघरात चर्चा सुरू, बहिष्कार टाका, कोकाकोला बंद करा, पिझ्झा बंद करा. मला हा राग खोटा वाटत नाही, माझाही तोच राग आहे. पण हे सगळे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत होते, अँड्रॉइड फोनवरून, विंडोजवर टाइप केलेले. म्हणजे ज्याला धडा शिकवायचा त्याच्याच हातात आपला गळा. म्हणून हे लिहितोय. ज्याच्यावर निर्बंध लावायचे त्याच्याशिवाय आपला दिवस निघाला पाहिजे, तोवर धमकीला काही किंमत नाही, आणि दिवस निघायची तयारी घरातून, ऑफिसातूनच करावी लागते.

देश हे कसं करतात, थोडक्यात

निर्बंध सरकार लावतं, आपण नाही. तरी त्याची रीत माहीत असावी, कारण आपल्या छोट्या कामातही तीच रीत लागते.

पहिलं म्हणजे वस्तू निवडून मारायचं. २०१८ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर ड्युटी लावली तेव्हा युरोपने उत्तर म्हणून हार्ले डेव्हिडसन, बर्बन व्हिस्की आणि जीन्स निवडल्या. हार्लेचं घर विस्कॉन्सिनमध्ये, बर्बन केंटकीची, आणि त्या वेळचे तिथल्या संसदेचे दोन बडे नेते त्याच राज्यांमधले. आपणही जून २०१९ मध्ये हे केलंय, अमेरिकेने जीएसपीची, म्हणजे विकसनशील देशांच्या मालावरच्या ड्युटीची सवलत काढून घेतल्यावर २८ वस्तूंवर जादा ड्युटी लावली, त्यात बदाम, अक्रोड, सफरचंद होती. कॅलिफोर्नियाचा बदामवाला आणि वॉशिंग्टनचा सफरचंदवाला स्वतःच आपल्या खासदाराकडे जातो, आपल्याला ओरडावं लागत नाही. आणि सफरचंद आपल्याला दुसरीकडून मिळतं. हे महत्त्वाचं आहे, ज्याला पर्याय आहे तिथेच पाय ठेवायचा.

दुसरं, हत्यार आधीपासून कायद्यात तयार ठेवायचं. युरोपने जबरदस्तीविरोधी कायदा केला, २७ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे, त्यात मालावर ड्युटी तर आहेच पण सेवा, पेटंट आणि सरकारी टेंडरमधून बाहेर काढण्यापर्यंत अधिकार आहेत. २०२५ मध्ये टॅरिफचा सगळा गोंधळ झाला तरी त्यांनी तो बाहेर काढला नाही, आणि माझ्या मते त्याचं मोठं कारण एकच, त्यांची स्वतःची ऑफिसं अमेरिकन क्लाउडवर चालतात. उलट चीनने एप्रिल २०२५ मध्ये सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीवर परवाना बसवला आणि जगभरचे गाडी कारखाने हादरले, आपलेही. ज्याच्याकडे दुसऱ्याला न मिळणारी वस्तू आहे त्याचं ऐकलं जातं.

आणि आपण? परदेशी डिजिटल जाहिरातींवर २०१६ पासून ६ टक्के लेव्ही होती, लोक गूगल टॅक्स म्हणायचे, ती १ एप्रिल २०२५ पासून काढून टाकली. म्हणजे भांडण ऐन रंगात यायच्या आधीच हातातली एक काठी खाली ठेवली. मला हे अजिबात पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र अभिमानाची, आणि बडोद्याशी जोडलेली. ऐंशीच्या दशकात अमेरिका आपल्याला हवा तसा क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती. १९८८ मध्ये पुण्यात सीडॅक ही सरकारी संशोधन संस्था उभी राहिली, प्रमुख विजय भटकर, अकोल्याकडचे, आणि त्यांचं एम.ई. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतलं. १९९१ मध्ये आपला सुपरकॉम्प्युटर परम ८००० तयार. तीन वर्षांत. पण लगेच हुरळून जाऊ नका, कारण रॉकेटच्या क्रायोजेनिक इंजिनाचं उदाहरणही तेवढंच खरं आहे, १९९२ मध्ये अमेरिकेने ते तंत्र देण्याघेण्यावरून इस्रो आणि रशियाच्या ग्लाव्हकॉसमॉसवर निर्बंध लावले आणि आपलं स्वतःचं क्रायोजेनिक इंजिन घेऊन जीएसएलव्ही यशस्वीपणे उडालं ५ जानेवारी २०१४ ला. काही गोष्टी तीन वर्षांत सुटतात, काही वीस वर्षांत, आणि कुठली कुठल्या रांगेत बसते हे ओळखणं हेच अर्धं काम आहे. ऑफिसातही तसंच, ईमेल एका महिन्यात सुटतो आणि फोन कदाचित कधीच पूर्ण सुटणार नाही.

आता तुमचं काम. कागद घ्या

खरंच कागद घ्या, गूगल शीट नको. चार रकाने आखा. काय वापरतो, ते कोणाचं आहे, उद्या सकाळी बंद पडलं तर नेमकं काय अडेल, आणि आतला डेटा बाहेर कसा काढायचा.

दुसऱ्या रकान्यात लोक गडबडतात. फोनपे भारतीय वाटतं पण त्यात सगळ्यात मोठा वाटा वॉलमार्टचा. टॅली बंगळुरूचं. वेबसाइट आपली पण तिचं डॉटकॉम अमेरिकेतल्या व्हेरिसाइनच्या हातात. क्लाउडचा सर्व्हर मुंबईत आहे, पुण्यात आहे असं सेल्समन सांगतो, त्याने फरक पडत नाही, कारण २०१८ च्या अमेरिकन क्लाउड ॲक्टप्रमाणे कंपनी अमेरिकन असेल तर तिच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला तरी तिथलं सरकार कायदेशीर ऑर्डरने मागू शकतं. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याने शपथेवर कबूल केलं की फ्रेंच नागरिकांचा डेटा फ्रेंच सरकारच्या परवानगीशिवाय कधीच दिला जाणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही. त्यामुळे सर्व्हर कुठे आहे हे विचारू नका, कंपनी कुठल्या देशाच्या कायद्याखाली येते ते विचारा.

आणि तिसऱ्या रकान्यात प्रामाणिक राहा. यूट्यूब बंद पडलं तर काही अडत नाही, करमत नाही एवढंच. पण जीएसटी पोर्टलवर, इन्कम टॅक्सवर, पीएफवर, आयात-निर्यातीच्या आयईसी नंबरवर, बँकेत जो ईमेल रजिस्टर आहे तो जीमेल असेल आणि तो उद्या लॉक झाला तर तुमचा धंदा अडतो. घरी पेन्शनवाल्या काकांचंही तेच, डीमॅट, विमा, म्युच्युअल फंड सगळे एकाच जीमेलवर लटकलेले.

म्हणून सुरुवात तिथून.

डोमेन आणि मेल

स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या आणि ते डॉट इन घ्या. डॉट इनचा कारभार निक्सी बघते, ती भारतातली संस्था आहे. विकत घेताना रजिस्ट्रारही भारतीय बघा, ज्यांच्या जाहिराती सगळीकडे दिसतात ते बरेचसे अमेरिकन आहेत. आणि डोमेन संस्थेच्या किंवा फर्मच्या नावावर हवं, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नावावर नाही, ही चूक बडोद्यात घरोघरी दिसते, पोरगा कॅनडाला जातो आणि डोमेन त्याच्याबरोबर जातं.

डोमेन आपलं झालं की मेल कोण चालवतो हा प्रश्न छोटा होतो. आज झोहो ही भारतीय कंपनी, उद्या रेडिफचं बिझनेस मेल, परवा आणखी कोणी, पत्ता तोच राहतो, मागची फक्त एमएक्स सेटिंग, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ती नोंद, बदलायची. खरं स्वातंत्र्य यात आहे, झोहो घेण्यात नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण सप्टेंबर ऑक्टोबर २०२५ मध्ये मंत्री एकामागून एक झोहोवर गेले, अमित शहांनी पत्ता बदलल्याचं जाहीर केलं, केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेलही झोहोच्या प्लॅटफॉर्मवर गेले, आणि लोकांना वाटलं झालं काम. झोहो चांगली कंपनी आहे, १९९६ पासूनची, मीही लोकांना तीच सुचवतो, पण ती पण एक कंपनीच आहे. कोयलीची आपली रिफायनरी बघा, पाश्चात्त्य तेल कंपन्या भाव देत नव्हत्या तेव्हा सोव्हिएत मदतीने उभी राहिली, १९६५ मध्ये सुरू झाली आणि ती आजही चालते कारण नुसती मशिनरी आली नाही, चालवायचं ज्ञान आपल्या इंजिनिअरांच्या हातात आलं. एका मालकाकडून उठून दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसण्यात अर्थ नाही.

करायचं असं. नवीन मेल चालू करा. गूगलची टेकआउट नावाची सोय आहे तिथून जुना सगळा डेटा डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवा, मोठा असेल तर रात्रभर लागतो, लागू द्या. आयमॅपने, म्हणजे एका मेल खात्यातून दुसरीकडे मेल वाचायच्या पद्धतीने, जुने मेल नव्या खात्यात ओढून घ्या, झोहोत त्यासाठी सोय आहे. मग वरच्या कागदातल्या सरकारी आणि बँकेच्या ठिकाणी एकेक करून पत्ता बदला, हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं. जुनं जीमेल बंद करू नका, वर्षभर फॉरवर्ड लावून ठेवा, कारण कुठल्या सप्लायरकडे, कुठल्या विमा कंपनीकडे जुना पत्ता पडलाय ते वर्ष फिरल्याशिवाय कळत नाही.

बॅकअप महिन्यातून एकदा, दोन डिस्कवर, एक डिस्क ऑफिसात आणि एक घरी. विश्वामित्रीचं पाणी ऑगस्ट २०२४ मध्ये कुठपर्यंत आलं होतं ते बडोदेकरांना सांगायला नको, तळमजल्यावर डिस्क ठेवू नका.

वर्ड, एक्सेल आणि फॉन्टची भानगड

इथे जरा थांबतो कारण आपल्या मराठी आणि गुजराती ऑफिसांचं काम नेमकं इथेच अडतं आणि इंग्रजीतल्या गाइडमध्ये हे कोणी लिहीत नाही.

वर्ड-एक्सेलच्या जागी चालणारं लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठीत मेनूही मिळतात. जर्मनीतल्या श्लेस्विग होल्स्टाइन राज्याने सरकारी कामासाठी तेच घेतलंय, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी ४० हजारांहून जास्त मेलबॉक्सही मायक्रोसॉफ्टवरून हलवून पूर्ण केले. फ्रान्सचं जँडार्मरी पोलीसदल २००८ पासून विंडोजऐवजी स्वतःचं उबुंटू, म्हणजे लिनक्स या खुल्या सिस्टिमचा एक प्रकार, वापरतं. म्हणजे होतं. पण म्युनिक शहराने २००४ च्या सुमारास लिनक्सकडे जायला सुरुवात केली, हजारो मशीन हलवली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचं ठरवलं. त्यात राजकारण होतंच, पण वापरणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या. माणसाला विचारल्याशिवाय मशीन बदललं की असं होतं.

आपल्याकडे पहिली तक्रार येते ती अशी, फाइल उघडली आणि मराठी अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी. ही लिब्रेऑफिसची चूक नसते. जुन्या फाइली श्रीलिपी, आकृती, कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतात, त्यात अक्षर मराठी दिसतं पण आत साठवलेला कोड वेगळाच असतो, तो फॉन्ट त्या मशीनवर नसला की कचरा दिसतो. त्यामुळे सगळ्यात आधी, विंडोज मशीन चालू असतानाच, जुन्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर एकच असलेल्या अक्षरांच्या कोडमध्ये, कन्व्हर्ट करा. कन्व्हर्टर मिळतात, पण एकेका फाइलवर नजर मारावी लागते, र आणि वेलांटी हमखास घसरतात. संस्थेची घटना, जुने अहवाल, स्मरणिका, हे आधी. आणि कन्व्हर्ट करायच्या आधी प्रत्येकाची पीडीएफ काढून ठेवा म्हणजे मूळ कसं दिसत होतं ते राहील.

दुसरी तक्रार, फाइल बरोबर दिसते पण ओळी सरकल्या, पान वाढलं, लेटरहेडवर सही खाली गेली. कारण फाइल मंगल फॉन्टमध्ये आहे, मंगल मायक्रोसॉफ्टचा, लिनक्सवर तो नसतो, दुसरा फॉन्ट येऊन बसतो आणि त्याची रुंदी वेगळी. उपाय सोपा, ऑफिसभर एक खुला फॉन्ट ठरवा, नोटो चालेल, नाहीतर मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता, तो मला वाचायला फार आवडतो, आणि तो सगळ्या मशीनवर टाका. बाहेर पाठवायचं पत्र कायम पीडीएफ करून पाठवा.

टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिका, किंवा निदान ऑफिसातल्या तरुण मुलांना शिकवा. ऐंशीच्या दशकात भारत सरकारने ठरवलेला हा लेआउट आहे, विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड सगळीकडे तोच, एकदा बोटात बसला की कुठल्या कंपनीच्या टायपिंग टूलवर अवलंबून राहावं लागत नाही. गुजरातीसाठीही तोच लेआउट, तीच बोटं, बडोद्यात तर याचा दुप्पट फायदा.

एक्सेलचं वेगळं. साधे तक्ते, पगारपत्रक, स्टॉक हे सगळं लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये नीट उघडतं. पण अकाउंटंटने वर्षानुवर्षं मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, लिहून जी शीट बनवलीय ती अर्धी चालेल अर्धी नाही. तिला हात लावू नका. एक मशीन एक्सेलसह ठेवा, बाकीच्यांचं लायसन रिन्यू करू नका. दरमहा बाहेर जाणारा पैसा तिथेच वाचतो, आणि मला विचाराल तर बहिष्कार म्हणून याची किंमत कोकाकोलाच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त आहे. पेप्सी इथे बाटलीत भरते ती जास्त करून भारतीय कंपनी, डॉमिनोज चालवते ती भारतीय कंपनी, रॉयल्टी जाते हे खरं पण पगार इथल्याच पोरांना मिळतो. सबस्क्रिप्शनचं तसं नाही.

आणि हो, शिकवताना कागद मराठीत किंवा गुजरातीत काढा. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते याच विचाराने, कारागिराला त्याच्या भाषेत तंत्र शिकवायचं. ऑफिसातल्या ताईंना इंग्रजी यूट्यूब लिंक पाठवून शिका म्हणणं म्हणजे त्यांनी ते सोडून द्यावं अशी व्यवस्था करणं. एक पानाचा कागद, फाइल कुठे सेव्ह करायची, पीडीएफ कशी काढायची, मराठी गुजराती कीबोर्ड कसा बदलायचा, मॉनिटरशेजारी चिकटवलेला, एवढा पुरतो.

विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि लाखो चांगली मशीन एका फटक्यात जुनी ठरली. नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी जुन्यावर लिनक्स मिंट टाकून बघा. पेनड्राइव्हवरून चालतं, आधी इन्स्टॉल न करता वापरून बघता येतं. विंडोजची सवय असलेल्याला दोन दिवसांत जमतं.

पण तीन गोष्टी आधी तपासा. प्रिंटर, कारण आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या टेबलावर कॅननचा एलबीपी २९०० बसलेला असतो आणि तो लिनक्सवर भयंकर त्रास देतो, त्याला विंडोज मशीनलाच जोडलेला राहू द्या. दुसरं डिजिटल सिग्नेचरचा टोकन, काही कंपन्यांचे चालतात, काहींचे सरकारी पोर्टलवर अडतात. तिसरं टॅली, टॅलीप्राइम विंडोजसाठीच आहे. म्हणजे हिशोब, टोकन आणि प्रिंटर एका विंडोज मशीनवर एकत्र करा, बाकीची मशीन मोकळी करा. शंभर टक्के करायच्या हट्टात लोक शून्य टक्के करतात.

ड्रॉइंगवाल्यांना, मकरपुरा वाघोडियाच्या लोकांना खास. ऑटोकॅड अमेरिकन, सॉलिडवर्क्स आता फ्रेंच कंपनीचं, ब्रिक्सकॅड मूळचं बेल्जियमचं आणि ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल उघडतं. फ्रीकॅड खुलं आहे, साध्या पार्टसाठी हल्ली खरंच चांगलं झालंय. पण कस्टमर जो फॉरमॅट मागतो तोच द्यावा लागतो, त्यामुळे मुख्य सीट, म्हणजे सॉफ्टवेअरचं लायसन, सोडू नका, नवीन सीट घ्यायची वेळ येईल तेव्हा दुसरं बघा, आणि प्रत्येक ड्रॉइंगची स्टेप आणि पीडीएफ कॉपी ठेवा.

कोणी विचारतं, अहो लिनक्स पण अमेरिकेतच सांभाळतात ना. बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांमुळे लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड सांभाळणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन लोकांची नावं काढली, खूप गाजलं. पण रशियातली लिनक्स मशीन बंद पडली का? नाही, कारण कोड त्यांच्याकडेच होता. फरक एवढाच आहे आणि तो खूप मोठा आहे, जे दूरवरून स्विच दाबून बंद करता येतं आणि जे येत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या लोकांवर अमेरिकेने २०२५ मध्ये निर्बंध लावले, त्यानंतर त्या न्यायालयाने मायक्रोसॉफ्ट सोडून ओपनडेस्क या जर्मनीत तयार झालेल्या खुल्या सॉफ्टवेअरकडे जायचं ठरवलं ते याच कारणाने.

पैसे

इथे आपण जगाच्या पुढे आहोत. यूपीआय २०१६ पासून, रुपे २०१२ पासून, दोन्ही भारतातल्या बँकांनी मिळून उभ्या केलेल्या एनपीसीआयचे. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशिया सोडला, पण देशातल्या देशात कार्डं चालू राहिली, कारण २०१४ मध्ये क्रायमियावरून निर्बंध बसल्यावर रशियाने स्वतःची पेमेंट यंत्रणा उभी करून ठेवली होती. आग लागायच्या आधी विहीर खणलेली होती.

आपली विहीर आहे, पण तिच्यावरचे रहाट बघा, यूपीआयचे बहुसंख्य व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोन ॲपमधून होतात. भीम ॲप टाका, त्याच बँक खात्याला जोडा, दुकानावर भीमचा किंवा बँकेचा स्वतःचा क्यूआर लावा. पाच मिनिटांचं काम आहे आणि काहीच गमवावं लागत नाही. डेबिट कार्ड रिन्यू होताना बँकेकडे रुपे मागून घ्या, न मागता बऱ्याचदा दुसरं येतं. मुलं न्यू जर्सीला, टोरंटोला असतील तर जाण्यायेण्यासाठी एक व्हिसा कार्ड ठेवा, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, भांडण त्या सरकारच्या धोरणाशी आहे, आपल्या मुलांशी आणि त्यांच्या शेजाऱ्यांशी नाही.

व्हॉट्सॲप आणि फोन

सगळ्यात अवघड, स्पष्टच सांगतो. झोहोचं अरट्टाई हे मेसेजिंग ॲप आहे, घरच्यांचा एक ग्रुप तिथे काढून बघा. पण कस्टमर तिथे नाही, भिशीचा ग्रुप तिथे नाही, त्यामुळे एकट्याने जाऊन उपयोग नाही. सिग्नल चांगलं आहे पण तेही अमेरिकनच. मग निदान एवढं करा, ऑर्डर, रेट आणि ॲडव्हान्सचं कन्फर्मेशन व्हॉट्सॲपवर ठेवू नका, मेलवर घ्या. संस्थेची मेंबर लिस्ट ग्रुपच्या बाहेर, कागदावर आणि फाइलमध्ये, नाव, पत्ता, फोन नंबर असू द्या. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब चॅटमध्ये शोधावा लागत असेल तर आजच वहीत उतरवा.

फोनचं काही करता येत नाही फारसं. ह्वावेसारख्या राक्षसी चिनी कंपनीला २०१९ नंतर अमेरिकेच्या निर्बंधांमुळे गूगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या तेव्हा स्वतःची हार्मनी ओएस उभी करायला चीनचा अख्खा बाजार पाठीशी लागला. आपण कॉन्टॅक्ट एक्स्पोर्ट करून ठेवायचे, फोटो डिस्कवर उतरवायचे, आणि पुढे जायचं.

सार्वजनिक पैशाबद्दल विचारा

घर आणि ऑफिस झालं की हा भाग, कारण खरा मोठा पैसा सरकारी खरेदीत आहे. भारत सरकारचं खुल्या मानकांचं धोरण २०१० पासून आहे, सरकारी कामात ओपन सोर्सला आधी संधी देण्याचं धोरण २०१५ पासून आहे. कागदावर सगळं आहे. म्हणून माहितीच्या अधिकारात साधे तीन प्रश्न टाका, महानगरपालिकेला, युनिव्हर्सिटीला, आपल्या मुलाच्या अनुदानित शाळेला: गेल्या वर्षी परदेशी सॉफ्टवेअरच्या लायसनवर किती खर्च झाला, ओपन सोर्स पर्याय तपासला होता का, आणि करार संपल्यावर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये परत मिळेल. प्रश्न गुजरातीत लिहा, लवकर पुढे सरकतो. उत्तर आलं की नगरसेवकाला आणि खासदाराला त्याची कॉपी द्या.

वेळ कधीची धरायची? ३१ मार्चच्या आधी अजिबात नाही, अकाउंटवाले हाकलून देतील. एप्रिलच्या शेवटी सुरू करा, आधी मेल, मग फाइली आणि फॉन्ट, मग एकेक मशीन, दिवाळीच्या सुट्टीत उरलेलं. आणि मध्ये एका रविवारी तालीम घ्या. ऑफिसात बसा, गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सगळ्या खात्यांमधून लॉगआउट करा, आणि एक बिल काढून, एक पत्र टाइप करून, एक पेमेंट करून, एका जुन्या ग्राहकाचा नंबर शोधून दाखवा. जिथे अडाल ते कागदावर सगळ्यात वर लिहा, सोमवारी काम तिथून चालू.